बुधलीला न दिसलेलं तेल

बुधलीनं माशाच्या तेलाचा थेंब पुन्हा वाढवला तेव्हा शांभवी दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या कक्षाच्या काचेबाहेर उभी होती. पडद्यावरचा निळा आकडा तिच्या डोळ्यांदेखत पुढं सरकला.

"वाढवलं का परत?" ओंकारनं विचारलं. तिचा नवरा शेजारीच काचेला नाक लावून उभा होता.

"वाढवलं."

"मग चांगलंच की. डोस वाढवला म्हणजे गुण येईल."

"डोस वाढवूनपण यीस्ट वाढायलंय, ओंकार. खालची लाल रेघ बघ ना."

ओंकारनं लाल रेघ बघितली. रेघ चढणीला लागली होती, आणि तिला थांबायची काही घाई दिसत नव्हती.

बुधली हे काही त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव भलंमोठं, इंग्रजी आणि जिभेला गाठ पडेल असं होतं. लातूरच्या नर्सबायांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नवं बारसं करून टाकलं. दोन काचेच्या कुप्या, एकीत करडईचं तेल, दुसरीत माशाचं, वर पितळी रंगाचं झाकण. स्वयंपाकघरात तेल ठेवायची जुनी बुधली बघितलेल्या कुणालाही दुसरं नाव सुचलं नसतं. आता मोठे डॉक्टरसुद्धा सरकारी बैठकीत 'बुधली' म्हणून जातात आणि मग जीभ चावतात.

तिचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं आतडं म्हणजे नांगरून ठेवलेलं, काहीच न पेरलेलं रान. तिथं पहिलं काय उगवेल ते सांगता येत नाही, आणि बऱ्याचदा पहिलं उगवतं ते यीस्ट. पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच हे भाऊबंद. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर, तोंडात, पोटात ते निमूट राहतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पण वीतभर आतड्यात मोकळं रान मिळालं की ते धागे सोडतं, आतड्याच्या भिंतीत शिरतं आणि तिथून रक्तात उतरतं. पूर्वी त्यावर औषधं होती. पण त्याच जातीची औषधं माणसानं द्राक्षांवर आणि सोयाबीनवर पिपांनी फवारली, आणि यीस्ट त्यांना सरावलं. शांभवीचं बाळ जन्माला आलं तोवर दवाखान्याच्या कपाटातल्या त्या बाटल्या नुसत्या शोभेच्या होऊन बसल्या होत्या.

उरलं होतं तेल, आणि तेही योगायोगानं हाती लागलेलं. ज्यांचं आतडं कापावं लागलं अशा बाळांच्या अंगी लागावं म्हणून डॉक्टर त्यांच्या दुधात करडईचं आणि माशाचं तेल घालून बघत होते. त्यात दिसलं असं, की या बाळांच्या पोटातलं यीस्ट ओसरतंय. या तेलांमधली काही आम्लं यीस्टला मानवत नाहीत, त्याचे धागे खुरटतात आणि भल्या जिवाणूंना बसायला जागा मिळते. गोम एवढीच, की तेल कमी पडलं तर यीस्ट माजतं आणि जास्त झालं तर कच्चं आतडं ते पेलत नाही. फुगतं, कधी फाटतंही. ही तारेवरची कसरत माणसांना जमेना म्हणून बुधली आली. बाळाच्या आतड्यातून पोटावरच्या पिशवीत काय उतरतं, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात कुठली चरबी आहे, हे ती सारखी बघायची आणि कुठल्या तेलाचा किती थेंब ते स्वतःच ठरवायची. तिनं कितीतरी बाळं धडधाकट घरी पाठवली होती. तिच्यावर शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं.

बिडव्यांचं, म्हणजे शांभवी आणि ओंकारचं, बाळ तीन महिने आधी आलं. आल्या आल्या आतड्याला छिद्र पडलं, शस्त्रक्रिया झाली, आतड्याचं एक टोक पोटावर काढून ठेवलं गेलं. नाव अजून ठेवलेलं नव्हतं. सगळे त्याला पिल्लूच म्हणत. पिल्लाला एक खोड होती. ते श्वास घ्यायला विसरायचं. पेटीत एकटं ठेवलं की मध्येच छाती थांबायची, यंत्रं बोंबलायला लागायची, सिस्टर धावत येऊन तळपायाला टिचकी मारायची. माणसाच्या उघड्या छातीवर निजवलं की मात्र शहाण्यासारखं श्वास घ्यायचं. म्हणून छाती लागायची, दिवसभर, आणि ती घरच्याच कुणाची तरी.

आता घरचं कोण, हेही दारच ठरवायचं. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर दवाखान्याची एक पट्टी असे, मनगटी म्हणत तिला. हिरवा दिवा लागला तर दार उघडायचं. ओंकारच्या कमरेवर गजकर्ण होतं, गावातल्या निम्म्या पुरुषांच्या असतं तसं. त्याला मनगटी मिळालीच नाही. शांभवीच्या बाळंतपणाच्या टाक्यांत पू झाला होता. तिची मनगटी लाल होती. जखम सुकली की दोन दिवसांनी, गुरुवारी, तपासून हिरवी करणार होते. राहिल्या ओंकारच्या आई, महानंदाबाई. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या, ताठ, बोलण्यात करारी. माशाच्या तेलाचा विषय निघाला तेव्हा भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. महानंदाबाईंनी, गळ्यात लिंग आणि घरात अंडंसुद्धा वर्ज्य असताना, एका वाक्यात त्यांना गप्प केलं. "औषधाला जात नसती आणि चवपण नसती," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी गाऊन घालून आत जाऊन बसल्या.

शांभवीनं आपल्या बाळाला अजून एकदाही उचललं नव्हतं. काचेतून ती सासूची छाती बघायची आणि तिच्यावर ठेवलेलं, पांढऱ्या टोपड्यातलं एवढंसं डोकं. तिला त्या छातीचा हेवा वाटायचा आणि हेवा वाटल्याची लाजही.

लाल रेघेवरून तिची नजर बाजूच्या करड्या रेघेवर गेली ती अशीच, सवयीनं. तिथं बाळाच्या रक्तातल्या चरबीचं चित्र होतं. दर आम्लाचा एक डोंगर. डॉक्टरांना त्यातले दोन डोंगर बघायचे असत. शांभवीची सगळी नोकरी असले डोंगर बघण्यात गेलेली. एमआयडीसीतल्या एका ऑइल मिलच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती, आणि करडईच्या तेलात दुसरं काय मिसळलंय ते शोधणं हे तिचं रोजचं काम. एक डोंगर नको तितका उंच होता. ओलिक आम्लाचा. आईच्या दुधात ओलिक असतंच, पण इतकं नसतं. हे चित्र तिनं शंभरदा बघितलं होतं. भेसळीचं चित्र होतं ते.

तिनं डॉ. सबीहा काझींना गाठलं. काझी मॅडम या विभागाच्या प्रमुख. झोप न झालेल्या डोळ्यांनीही त्या समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत.

"मॅडम, हे ओलिक कुठून आलं?"

"मीपण कालपासून तेच बघतेय. बुधली ते तुझ्या दुधाच्या नावावर टाकतेय. तिला दोनच वाटा माहीत आहेत, तिचे थेंब आणि आईचं दूध. तिसरीकडून तेल येईल हे तिच्या गावीच नाही. म्हणून तिला वाटतंय की दूध पचतंय आणि आपले थेंब पचत नाहीत. म्हणून ती वाढवत चाललीय."

"आणि यीस्टला ओलिक आवडतं."

"या जातीच्या यीस्टला तर फार. उद्यापर्यंत बघते, शांभवी. थेंब हातानं कमी केले आणि खरंच पचत नसतील, तर यीस्ट मोकाट सुटेल. कारण कळल्याशिवाय मी बुधली बंद नाही करू शकत."

शांभवीनं मान हलवली. पण तिला एक कारण सुचलं होतं आणि ते भयंकर होतं.

बुधलीतलं करडईचं तेल तिच्याच मिलमधून येत होतं. गेल्या काही वर्षांत करडईचं एक नवं बियाणं आलं होतं. दिसायला अगदी जुन्यासारखं, पण तेलात ओलिक भरमसाट. तळणाला चांगलं, बाळाला वाईट. दोन्हींचे ढीग वेगळे ठेवत, आणि दवाखान्याला जाणारी खेप शांभवी स्वतः तपासून पुढं सोडायची. बाळंतपणाच्या आधीची शेवटची खेप तिनंच सोडली होती, पाय सुजलेले, खुर्चीवर टेकून टेकून. त्या दिवशी चूक झाली असेल तर? आपल्याच हातानं आपण आपल्या लेकराच्या पोटात हे सोडलं असेल तर?

ती टाके सांभाळत रिक्षानं मिलला गेली. राखून ठेवलेल्या नमुन्यातलं तेल तिनं यंत्राला लावलं आणि स्टुलावर बसून राहिली. सहकारी विचारपूस करत होते, पेढे कधी म्हणत होते. तिला एक अक्षर कळत नव्हतं. डोंगर पडद्यावर उभे राहिले. जुनीच करडई. स्वच्छ, एक टक्काही इकडचा तिकडं नाही. शांभवी टेबलावर डोकं ठेवून रडली. हायसं वाटून रडली, आणि मग रडता रडताच थांबली. कारण तेल बुधलीतून येत नव्हतं, तिच्या दुधातून येत नव्हतं, म्हणजे ते तिसरीकडून येत होतं.

घरी आली तेव्हा महानंदाबाई दवाखान्यातच होत्या. न्हाणीघरात बादलीशेजारी पिल्लाची टोपडी पडली होती. ही टोपडी त्या स्वतः शिवत, स्वतः धूत, आणि वाफेत निर्जंतुक करून, बंद पिशवीत घालून दवाखान्यात देत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. शांभवीनं एक उचललं. तिला निमित्त लागत नसे. बाळाचा वास तिला एवढाच मिळायचा, आणि रोज एकदा तरी ती चोरून टोपडं नाकाशी धरायची. आज मात्र नाकाशी धरलं आणि तिच्या तोंडात कुणीतरी फाडकन मारल्यासारखं झालं. आजवर तिच्या हाती लागली होती ती धुतलेली टोपडी, वास नावापुरताच उरलेली. हे न धुतलेलं होतं. दुधाच्या वासाखाली दुसरा वास होता, हिरवट, किंचित तिखट. तेलाच्या वासावर पगार घेणाऱ्या बाईला तो ओळखायला शिकवायला नको होतं.

तिनं टोपडं उलटं केलं. माथ्यावर आतून मलमलीचा एक दुहेरी तुकडा शिवलेला होता, आणि त्या दोन पदरांत कापूस. कापूस तेलानं चिंब होता.

टाळू भरली जात होती. आपल्याकडं बाळाच्या माथ्यावरच्या मऊ खळग्यात रोज तेल जिरवतात. टाळू भरली की डोकं शांत, डोळे थंड, बुद्धी तेज, असं घरोघरी म्हणतात आणि दिवस भरलेल्या, गुटगुटीत बाळाला त्यानं काही होतही नाही. पण पिल्लाची कातडी भिजल्या कागदासारखी होती. तिच्यावर ठेवलेलं तेल वर राहत नव्हतं. ते सरळ आत, रक्तात जात होतं, चोवीस तास.

महानंदाबाई संध्याकाळी आल्या, चपला काढल्या, आणि सुनेच्या हातातलं टोपडं बघून उंबऱ्यातच थांबल्या.

"काय बघायलीस अशी?"

"कुठलं तेल आहे हे, आई?"

त्यांनी नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "ऑलिव्हचं. इटलीचं आहे, भारीतलं. घरचं करडईचं काय लावायचं म्हटलं. नातवाला चांगलं मिळावं."

ऑलिव्हचं तेल म्हणजे बहुतेक सगळं ओलिकच. शांभवीला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. घरचं करडईचं लावलं असतं तर बुधलीनं ते आपल्याच थेंबांत धरलं असतं आणि तेवढे थेंब कमी केले असते. पिल्लाचं काही बिघडलं नसतं. करडईच्या मुलखात राहून, करडई तपासणारी सून घरात असताना, बाईंनी नातवासाठी इटली गाठली होती.

"तुम्ही विज्ञान शिकवलंत, आई! कातडीतून काय आत जातं, हे मुलांना तुम्ही—"

"हात लावायचा नाही म्हणाले. मी हात लावलाच नाही," त्या म्हणाल्या. "वाफेतनं काढलेलं होतं. जंतू एक नव्हता त्यात. मी सगळा विचार केला होता." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी काय करत असते तिथं, सांग बरं? सिस्टर म्हणती हलू नका, बोलू नका. किती पाजायचं ते बुधली ठरवती. कधी झोपवायचं ते पेटी ठरवती. मला तिथं नुसती छाती म्हणून बसवलंय, शांभवी. ओंकारची टाळू त्याच्या आजीनं भरली, माझी माझ्या आजीनं. एवढं एकच काम आजीचं म्हणून राहिलं होतं. तेवढं मी केलं."

शांभवीला वाईट वाटलं आणि तेवढाच संताप आला, आणि दोन्ही एकमेकांना मागं सारेनात.

"सांगणार का तू त्यांना?" महानंदाबाईंनी विचारलं.

हाच प्रश्न होता. सांगितलं तर दार सासूला बंद होणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. मग पिल्लाला छाती कुणाची? ओंकारची नाही. तिची गुरुवारपर्यंत नाही. तोवर ते पेटीत एकटं पडणार, आणि श्वास विसरणार. न सांगावं, तर तेल आजच थांबेल, ओलिक आपोआप उतरेल, बुधलीही मागोमाग थेंब उतरवेल. केमिस्ट म्हणून तिला हे पटत होतं. पटवून घ्यायला बरं वाटत होतं, हे त्याहून खरं.

"टोपडी साधी शिवा," ती म्हणाली. "आजच्या आज. गुरुवारी मी आत जाते. मग मी सांगेन."

दुसरा दिवस तिनं काचेबाहेर काढला. सासूशी ती कामापुरतं बोलत होती. ओंकारच्या ते लक्षात आलं.

"आईशी अशी का वागायलीस? दिवसभर बसून बसून पाठ गेलीय तिची. तुझ्याचसाठी करती ना?"

"मी काही म्हटलंय का?"

"तोंड फुगवून बसलीस की. तुला जाता येईना आणि तिला जाता येतं, याचा राग तिच्यावर कशाला काढतीस?"

तो बाण बरोबर लागला, कारण त्यात अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं शांभवीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिनं गिळलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि नवऱ्यापासून तिनं लपवलेली ही पहिली गोष्ट होती.

आणि ओलिक उतरेना. तिचा हिशेब चुकला होता. इतके दिवस जिरलेलं तेल त्या एवढ्याशा अंगात साठून राहिलं होतं आणि हळूहळू झिरपत होतं. बुधलीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसत होतं ते इतकंच, की आपले थेंब पुरत नाहीत. दुपारी तिनं पुन्हा माशाचं तेल वाढवलं. थोड्या वेळानं आत सिस्टरनं टेप काढून पिल्लाचं पोट मोजलं, पुन्हा मोजलं, आणि फोन उचलला. काचेतूनही दिसत होतं. पोट ताणलं होतं, चकाकत होतं, त्यावर निळ्या शिरा उमटल्या होत्या. डॉ. काझी धावत आल्या. त्यांनी पोटाला बोट लावलं तशी पिल्लानं आवाज न करता तोंड वाकडं केलं. महानंदाबाईंच्या छातीवरून त्याला उचलून पेटीत ठेवलं.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाल्या, "शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितलीय. आतडं कधीही दगा देईल. आणि या अंगावर दुसरी शस्त्रक्रिया—"

मागोमाग महानंदाबाई बाहेर आल्या. त्यांनी अंगावरचा गाऊनही उतरवलेला नव्हता. त्यांनी शांभवीकडं बघितलं. त्या काही मागत नव्हत्या.

"मॅडम, थेंब पचतायत," शांभवी म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "ते जास्त झालेत. ओलिक डोक्यातून आलंय. टोपड्यात ऑलिव्हचं तेल होतं, टाळूवर. काल थांबवलं. मला काल कळलं होतं."

"आईनं?" ओंकार म्हणाला. मग त्यानं बायकोकडं बघितलं. "आणि तुला काल कळलं?"

डॉ. काझी रागावल्या नाहीत. रागवायला वेळ नव्हता. त्या उलट पावली आत गेल्या आणि त्यांनी बुधलीचं झाकण फिरवून तिला गप्प केलं. तिथं आल्यापासून बुधली गप्प झालेली नर्सबायांनी पहिल्यांदाच बघितली. थेंब हातानं जवळजवळ बंद केले. पोट मोकळं करायला नळी घातली. शस्त्रक्रियेची टेबलं मांडून सगळे थांबून राहिले.

पोट रात्रभर तसंच होतं. पहाटे ते किंचित मऊ झालं. सकाळी सिस्टरनं टेप लावली आणि हसली. रक्तात जास्तीचं तेल आहे हे धरून डॉक्टरांनी बुधलीला नव्यानं समजावलं, आणि तिनं मुकाट्यानं करडईचे चार थेंब सोडले. लाल रेघ चढायची थांबली. अजून उतरली नव्हती, पण थांबली होती.

तो गुरुवार होता. तपासणीत शांभवीची जखम कोरडी निघाली. तिनं अंघोळ केली, पुढून उघडणारा गाऊन घातला, केस घट्ट बांधले आणि दारासमोर उभी राहिली. ओंकार रात्रीपासून तिच्याशी बोलला नव्हता, पण तोही येऊन मागं उभा राहिला. शांभवीनं मनगट दाराला लावलं.

लाल.

तिनं पट्टी पुसली आणि पुन्हा लावली. लाल.

डॉ. काझी आल्या. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. वाईट बातमी उभ्यानं सांगायची नाही ही त्यांची रीत होती.

"बाहेरून काही आत आलंय अशी तक्रार आली की घरच्या सगळ्यांच्या कातडीवरचं यीस्ट तपासावं लागतं. काल रात्री तुम्हा सगळ्यांचे नमुने घेतले ते त्यासाठीच. एरवी आम्ही तपासत नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं, ठशासारखं. पिल्लाच्या पोटातलं कुणाशी जुळतं ते बघतो, आणि ज्याच्याशी जुळेल त्याला दार बंद होतं, बाळ घरी जाईपर्यंत. ते माझ्याही हातात नाही, शांभवी. आणि असतं तरी मी उघडलं नसतं. तेच यीस्ट रोज नव्यानं पोचत राहिलं तर तेल तरी किती पुरं पडणार?"

"आईंचं जुळलं?"

"नाही. त्यांच्या यीस्टचा तर मागमूस नाही. टोपडी खरंच निर्जंतुक होती. तुझं जुळलं. जन्मताना गेलं असणार. त्यात तुझी काही चूक नाही. दूध तुझंच जाईल, तापवून. पण तू नाही जाऊ शकत."

शांभवीला आधी ते कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं. यीस्ट तिचं होतं. सासूनं नुसतं त्याला खाऊ घातलं होतं. आणि तिनं तोंड उघडलं नसतं तर कुणी तपासलं नसतं, आज दिवा हिरवा लागला असता, आता या घटकेला पिल्लू तिच्या छातीवर असतं. फुगलेल्या पोटाचं.

"माझी पण पट्टी घ्या काढून," महानंदाबाई म्हणाल्या. त्या कोपऱ्यात उभ्या होत्या, अंगात गाऊन तसाच, मनगट पुढं करून. "मी केलं ते केलंच."

"तुमची हिरवीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दार यीस्ट बघतं. तेलाचा नियम अजून कुणी केलेला नाही. आत जायचं की नाही ते घरच्यांनी ठरवा."

"मी नाही जायची. ही बाहेर असताना कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आई, असं नको ना," ओंकार म्हणाला. तो बायकोकडं बघत राहिला. सगळेच तिच्याकडं बघत राहिले.

तेवढ्यात आत यंत्र बोंबललं. पेटीतली छाती थांबली होती. सिस्टरनं तळपायाला टिचकी मारली, आणखी एक मारली. ओठ निळसर होत चालले होते.

शांभवी उठली. तिनं सासूचं मनगट धरलं, घट्ट, बांगडी रुतेल इतकं, आणि ओढत नेऊन दाराला लावलं. हिरवा दिवा लागला.

"जा," ती म्हणाली. "आणि हलू नका."

महानंदाबाई गेल्या. काचेपलीकडं गाऊनची गाठ सुटली, पिल्लू छातीवर ठेवलं गेलं, आणि जरा वेळानं पडद्यावरची श्वासाची रेघ अडखळत पुन्हा चालू झाली. आजीनं दोन्ही हात त्याच्या पाठीवरून धरले आणि खरोखरच ती हलली नाही. शांभवीला आयुष्यात कुणाचा आला नसेल एवढा राग त्या बाईचा आला होता, आणि तिनं तिथून उठू नये म्हणून ती जीव मुठीत धरून उभी होती.